मोठ्या काकांची पट्टी

आमच्या मोठ्या काकांइतका खोल आवाज अख्ख्या जबलपुरात दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि असलाच तर तो काकांच्या आवाजाखाली दबून गेला असणार. कुजबुजणं या माणसाला येतच नसे. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये ते काकूच्या कानाशी जाऊन "भाजी खारट झाली" म्हणाले, की शेजारीण उकडलेला बटाटा घेऊन दारात हजर. नोकरी त्यांनी फॅक्टरीत केली, पण स्वतःला ते कलावंतच समजत. ओमतीजवळच्या एका लहानशा स्टुडिओत त्यांनी राक्षस, यमराज, दरोडेखोर सगळ्यांना आवाज दिला. भला माणूस एकदाही वाट्याला आला नाही. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका कापडवाल्याने सेलची जाहिरात त्यांच्याकडून म्हणवून घेतली आणि डोक्याला हात लावला. "भैया, साड़ी बेच रहे हैं, वसूली पे नहीं निकले!" घरी येऊन काकांनी हे जसंच्या तसं ऐकवलं आणि इतके हसले की खिडकीची तावदानं वाजली.

गाण्याची मात्र थट्टा त्यांना खपत नसे. जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना कायम मागच्या रांगेत, कोरसमध्ये उभं करत. त्यांची इच्छा एवढीच की जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या बुद्धविहारात रविवारची वंदना आपण सुरू करावी आणि सगळ्यांनी मागून म्हणावी. एकदा संधी मिळाली. काकांनी सूर इतका खाली लावला की बायका पहिल्याच ओळीला थांबल्या, पुरुष घसे खाकरू लागले, आणि काका डोळे मिटून एकटेच शेवटपर्यंत म्हणत गेले.

"थोडं वर घ्या ना जी," नंतर कुणीतरी म्हणालं.

"वर माझं घरच नाही ना बाबू," काका म्हणाले. त्यानंतर त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही मागितलं नाही. हे त्यांना लागलं होतं.

मग घसा बसला, तो उठेचना. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. काकू रडायला लागली. "डॉक्टर जीव ठेवून राहिले ना? मग काहून रडून राहिली?" असं तिला दटावून काका स्वतः न्हाणीत गेले आणि नळ सोडून रडले. तेही सगळ्यांना ऐकू आलं.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी वंदना घेणाऱ्या बाईंनी माईक त्यांच्यापुढे सरकवला. "दादा, आज तुम्ही घ्या." काकांनी तीच पट्टी धरली, फाटक्या आवाजात. या वेळी कुणी थांबलं नाही. बायका त्या खालच्या सुरात उतरल्या, घरातसुद्धा हिंदी बोलणारी आमची पोरं खाली उतरली; घोगरी, बेसूर, पण सगळी. काकांनी डोळे उघडले आणि आमच्याकडे बघत बघत म्हणत राहिले.

आता काका खुणांनी बोलतात. रविवारी पुढे बसतात. विहारातली वंदना अजून त्याच पट्टीत होते. तसं कुणी ठरवलेलं नाही. परवा नागपूरहून आलेल्या एका पाहुणीने मला विचारलं, "काहून जी, इतक्या खाली म्हणून राहिले तुम्ही? झेपते का कोणाला?"

समोर काका डोळे मिटून नुसते ओठ हलवत होते.

"नाही झेपत," मी म्हटलं. "पण वर घेतलं तर काकांना कसं म्हणता येईल?"