कोऱ्या रकान्याचा नियम

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय—तेही नीट कळत नाही.

ऐंशीच्या दशकात मी वर्ध्याच्या एका कचेरीत होतो. कुठल्या गावात किती चुली लाकडावर पेटतात, किती रॉकेलवर, याची दरमहा माहिती गोळा करायची पद्धत मीच आखली. गावचे मास्तर फॉर्म भरत, नागपूरच्या कॉम्प्युटरवर यादी छापली जाई आणि ती पाहून, जिथं पेटत्या चुली घटल्या तिथं वरचे साहेब सरपणाचा डेपो देत. फॉर्म आलाच नाही तर? तर मागच्या महिन्याचा आकडा पुढं धरायचा—हा नियम माझा. यादीत रिकामी जागा दिसू नये म्हणून. तेव्हा ती मला हुशारी वाटली होती.

केळझरपलीकडच्या एका गोंड टोल्यावरून, म्हणजे लहानशा पाड्यावरून, एकदा फॉर्मऐवजी चिठ्ठी आली. तिथल्या उईके गुरुजींची. जंगलखात्यानं जंगल बंद केलं, सरपण संपलं, लोक टोला सोडून चालले—हे कोणत्या रकान्यात लिहू? तसा रकाना नव्हता. चिठ्ठी मी फायलीत लावली. वर दोन ओळी कळवायला काय लागलं असतं? पण मग माझी पद्धत चुकली, असं झालं असतं—

यादीत टोल्याच्या सगळ्या चुली पेटत राहिल्या. डेपो दुसऱ्या गावाला गेला.

दिवाळीनंतर मी तिथं गेलो. भर दुपार. दारं सताड उघडी, माणूस नाही, कुत्रं नाही. पण घराघरातली चूल शेणानं सारवलेली, अजून ओली—आणि राखेचा कण नाही. शेवटच्या घरात एक म्हातारी बसली होती, सोनाबाई. हात शेणानं माखलेले.

"सगळ्याइच्या चुली मीच सारवून राह्यली, बाबू. लोक आले तं तयार पाह्यजे ना. पोरगी सिंदीले तिच्या घरी चाल म्हणते..." मग माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमी काऊन आले? लाकडं येऊन राह्यले का?"

"येतील," मी म्हणालो.

"मंग नाई जात मी. थांबतो."

थंडीत ती तिथंच गेली. चुलीपाशी बसल्या बसल्या. गुरुजींनी सेलूच्या बसस्टँडवर सांगितलं, तेव्हा मी नुसता "अरेरे" म्हणालो.

पुढच्या यादीत तिची चूल पेटतीच होती. मी सही केली. त्याच्या पुढच्याही यादीवर केली. बदली होईपर्यंत करत राहिलो.

लाकडं येणार नाहीत, हे मला "येतील" म्हणतानाच ठाऊक होतं.