तेविसावं नाव

आमचे उस्ताद माणसं बोटानं मोजायचे. हवेत बोट फिरवून नाही, प्रत्येकाच्या खांद्यावर टेकवून. बोट लागलं नाही तर तो माणूस आलाच नाही असं ते धरत. "आधी हाजरी, मंग काम, मंग खेळ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खांद्यावर कापसाचा तंतू चिकटला की समजावं, आपली हजेरी लागली.

धंद्यानं ते पिंजारी. दिवसभर लोकांच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा आणि ऊन उतरलं की गढीमागच्या मैदानावर यायचं. औशापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. गावात करमणूक म्हणजे शेजारच्या घरातलं भांडण ऐकणं, एवढीच. अशा ठिकाणी या माणसानं हुतूतू, आट्यापाट्या आणि कुस्ती उभी केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. आपण त्याला देवमाणूस म्हणतो आणि आपली कामं त्याच्या गळ्यात घालतो.

खेळायला तेवीस तरणे गडी होते, हिंदू-मुसलमान दोन्ही. खेळाआधी त्यांना गावाचं काम करावं लागे. कधी बारवेतला गाळ काढायचा, कधी कुणाची पडलेली भिंत उभी करायची. पटकीच्या साथीत ज्या घरांत सख्खे भाऊ शिरेनात तिथे उस्ताद शिरले. माझ्या वडिलांनाही स्मशानात त्यांनीच उचलून नेलं. मी त्या दिवशी पोटात कळ आली म्हणून पडून होतो. कळ आली नव्हती.

मोजण्याचं वेड त्यांना बारवेनं लावलं. एका उन्हाळ्यात गाळ काढून सगळे वर आले, गूळ-पाणी खाऊन घरी गेले, आणि एक जण खालीच राहिला. त्याचं प्रेत दुसऱ्या दिवशी सापडलं. तेव्हापासून कुणी मोजणीला हसलं की उस्ताद मला म्हणत, "खाली किती उतरले त्ये ठावं असंल तरच वर किती आले त्ये कळतंय, मास्तर."

मी सरकारी शाळेत मास्तर होतो. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. उस्ताद मुसलमान, पण त्यांना अलीफ येत नव्हता. मी जोशाचा मुलगा, आणि कचेरीतले मुन्शी माझ्या उर्दू अक्षराची तारीफ करत. याचं आम्हा दोघांनाही हसू यायचं. मैदानावर माणसं जमवायची तर दर वर्षी परवानगी लागे. अर्ज मी लिहायचा, अंगठा त्यांनी उठवायचा.

त्या वर्षी हवा बिघडली होती. तरणी पोरं सरहद्द ओलांडून जात होती, ठिकठिकाणी करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी जळत होती. मी म्हणालो, "उस्ताद, जबाबदार इसम म्हणून तुमचं एकट्याचं नाव पुरे होतं."

"न्हाई. समद्यांची लिवा. बापाच्या नावासकट, घराच्या खुणेसकट. उद्या कोनी हरवला तर सरकारला हुडकाया यायला पायजे का न्हाई?"

अशा यादीचं कचेरीत काय होऊ शकतं हे मला चांगलं कळत होतं. मी रोज वर्तमानपत्र वाचणारा माणूस. त्यांना थांबवायला एक वाक्य लागलं असतं. ते मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर माझी भीती उघडी पडली असती. मी सुंदर अक्षरात बावीस नावं लिहिली. तेविसावं माझ्या धाकट्या भावाचं. ते लिहिलं नाही.

उस्तादांनी कागद घेतला आणि एकेका ओळीवर बोट टेकवलं. "मास्तर, बावीसच झाल्या."

"एका ओळीत दोन नावं बसवलीत."

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग अंगठा उठवला आणि शाई डोक्याला पुसली.

तीन महिन्यांनी जवळचं नाकं जळालं. आमचे गडी त्या संध्याकाळी बारवेत होते, पण ते कोण विचारतो. पहाटे पोलीस आले. जमादाराच्या हातात तो कागद होता. बापाचं नाव आणि घराची खूण असल्यामुळे त्यांना कुणाला विचारावंही लागलं नाही. बावीस जण उचलले; यादी देणारा म्हणून उस्तादांना सोडलं. बुटांचा आवाज आमच्या दारावरून पुढे गेला. मी दाराआड उभा होतो, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

दोन दिवसांनी चावडीपुढे गाव जमलं. नावं कुणी दिली?

"म्या दिली," उस्ताद म्हणाले. लिहिली कुणी, हे बोलले नाहीत.

मागून कुणीतरी ओरडलं, "मंग मास्तराचा भाऊ कसा सुटला?"

मी चार माणसांपलीकडे होतो. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्याचं नाव म्याच गाळलं. लई दांड्या मारतोय त्यो. आपला न्हाईच."

भाऊ एक दिवसही चुकला नव्हता. पहिली थप्पड ज्यानं मारली त्याच्या आईला पटकीत यांनीच खांदा दिला होता. एका बाईनं त्यांच्या तोंडात माती कोंबली. मी घरी आलो आणि जेवलो. भाकरी नेहमीसारखीच गोड लागली.

पुढे गावाला करमणूक मिळाली. कुणी त्यांच्या पिंजणीची तात कापली, कुणी पिंजलेल्या कापसावर शेणपाणी ओतलं. मग त्यांना कापूस देणंच बंद झालं. पोरं मागून यायची, त्यांच्या पाठीत बोट खुपसून "एक, दोन, तीन" मोजायची आणि पळायची. त्यात माझ्या शाळेतली पोरं पुढे असत. मी त्यांना कधी रागावलो नाही. उस्ताद मात्र ऊन उतरलं की मैदानावर येत, थोडा वेळ उभे राहत आणि परत जात.

सात महिन्यांनी लातूरच्या रस्त्यानं बैलगाड्या आल्या. गडी सुटले होते. गाव हलगी वाजवत सामोरं गेलं. उस्ताद लांब लिंबाखाली उभे होते. जवळ जायची सोय नव्हती, म्हणून बोट हवेतच हलत होतं. एकवीस आले. एक जण तापानं तुरुंगातच गेला होता.

त्या संध्याकाळी ते आमच्या अंगणात आले. भाऊ कडबा तोडत होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं. "बावीस."

मग माझ्याकडे वळले. "एक खालीच ऱ्हायला, मास्तर."

आवाजात राग नव्हता. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. सकाळी त्यांच्या घराला कडी होती आणि पिंजण अंगणात पडली होती. नांदेडकडे गेले असं कुणी म्हणालं. शोधायला कुणी गेलं नाही. वर्षभरात निजामाचं राज्यही गेलं, परवानगीची गरज उरली नाही, आणि मैदानात बाजाराच्या गाड्या सुटू लागल्या.

भाऊ म्हातारा होऊन गेला. बाकी सगळं तो विसरला, पण चावडीवरचं ते एक वाक्य त्याच्या मनातून कधी गेलं नाही. शेवटच्या दुखण्यातही त्यानं विचारलं, "दादा, मी एक दिवस चुकलो नव्हतो. मग आपला न्हाई असं उस्ताद का म्हणाले?"

मी त्याच्या खांद्यावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणालो, "फितूर माणसाचं बोलणं काय मनावर घ्यायचं."