सोळा अक्षरांचा पासवर्ड

जुन्नरच्या साबेरा आतार यांनी टाइपरायटरवर तीस वर्षं मुलं घडवली. टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा त्यांचा क्लास आता बंद पडणार, असं बाजारात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण साबेराभाभी पन्नाशीत कॉम्प्युटर शिकल्या, तोही आपल्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे. "शिकायला कसली लाज?" म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांना तळेघरहून अंबाबाईंचा फोन आला. अंबाबाईंचा बायकांचा गट नाचणीचं पीठ करतो. पुण्याच्या एका दुकानदाराला शुक्रवारपर्यंत मेलवर फोटो आणि माहिती हवी होती.

"भाभी, मशीन म्हनतंय पासवर्ड चुकीचा. धा येळा टाकला."

"मोबाइलवर मेल उघडतो का?"

"घोडेगावला गेलं की उघडतो की! तोच पासवर्ड."

तळेघरला रेंज येते-जाते. म्हणून गटाने कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्रॅम घातला होता. रेंज आली की आलेली पत्रं उतरायची, लिहून ठेवलेली निघून जायची. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाका. तसं केलं असतं तर मशीनमध्ये साठलेली चार वर्षांची पत्रं गेली असती.

"कुणाला हात लावू देऊ नका. मी येते," भाभी म्हणाल्या.

गुरुवारी त्या एस्टीने निघाल्या. शेवटची दोन-अडीच मैलांची चढण पायी गेल्या. पाणी पिऊन त्यांनी आधी मशीनला हात न लावता अंबाबाईंच्या सुनेला, आरोहीला विचारलं, "बंद कधीपासून पडलं?"

आरोही आठवून म्हणाली, "फसवणुकीचा फोन आला व्हता ना, त्यानंतर मी मेलला मोबाइलवर कोड यायची सोय केली. तेव्हापासूनच!"

"अगं, मग पासवर्ड बरोबरच आहे! हा जुना प्रोग्रॅम कोड विचारू शकत नाही, म्हणून त्याला दार बंद. त्याच्यासाठी वेगळा पासवर्ड काढावा लागतो."

दोघी टेकाडावर गेल्या. तिथे रेंज होती. मेलच्या सुरक्षेच्या पानावरून आरोहीने सोळा अक्षरांचा पासवर्ड काढून कागदावर लिहिला. घरी येऊन जराशी रेंज येताच टाकला. पुन्हा तेच, पासवर्ड चुकीचा. अंबाबाईंनी कपाळाला हात लावला.

भाभी मात्र खुर्चीतून हलल्या नाहीत. प्रोग्रॅमने जुना पासवर्ड जपून ठेवला होता आणि तोच तो गुपचूप पुढे करत होता. त्यांनी तो शोधून काढून टाकला आणि त्या जागी नवा घातला. दुपारी रेंजच्या दोन काड्या आल्या आणि पत्रं भराभरा उतरू लागली, एकशे बारा! बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा, दुकानदाराला लिहिलेलं आपलं पत्र गेलं का?" भाभींनी विचारलं.

गेलं नव्हतं. जाणाऱ्या पत्रांचा पासवर्ड वेगळ्या जागी होता, तिथेही जुनाच बसला होता. तो आरोहीने स्वतः बदलला. भाभींनी फक्त बोट दाखवलं. पडद्यावर पट्टी सरकत सरकत पूर्ण झाली.

"गेलं राव!" अंबाबाई ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचं उत्तर आलं, नमुना पाठवा. आठवड्याने पेठ गावच्या एका गटाचं असंच अडलं, त्यांनी साबेराभाभींना फोन केला. भाभींनी त्यांना आरोहीचा नंबर दिला. आरोहीने ते काम वीस मिनिटांत फोनवरच उरकलं.