बाबांचं ‘येतो’

आमच्या घरात बाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणायचं नाही. चुकून म्हटलंच तर बाबा दारातून परत बोलवायचे, ‘येतो’ म्हणायला लावायचे. कायमचं निघालेल्यानंही येतोच म्हणायचं. आईसुद्धा शेवटच्या घटकेला बाबांना ‘येते हं’ म्हणून गेली. मी शेजारीच उभा होतो. त्यामुळे मला अर्थ कळला नव्हता, असं मी म्हणू शकत नाही.

बाबा न्हावा शेवाला एका कस्टम एजंटकडे नोकरी करून निवृत्त झाले आणि खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये माझ्याजवळ राहायचे. फुप्फुसं कडक होत चालली होती. खालच्या मजल्यावरचे काका हॉस्पिटलात श्वासाच्या मशीनवर कितीतरी दिवस पडून होते. त्यांना बघून आल्यावर बाबा चहा पिता पिता म्हणाले, मला असलं काही नको, घरीच ठेवा. मी हो म्हणालो आणि टीव्हीचा आवाज वाढवला. हे लिहून ठेवावं वगैरे कुणाच्या डोक्यात येतं!

मग एका दुपारी धाप लागली ती थांबेचना. हॉस्पिटलात, आयसीयूच्या दारापाशी, त्यांनी मास्क बाजूला करून माझा हात धरला.

“येतो रे मी. ताईला सांग.”

डॉक्टरबाई तरुण होत्या, उत्तरेकडच्या. म्हणाल्या, नळी घालून व्हेंटिलेटर लावता येईल, पण या फुप्फुसांना तो परत सुटणं कठीण. न लावता नुसता त्रास कमी ठेवता येईल. पेशंटनं स्वतः काही सांगितलंय का?

मी म्हणालो, “बोले, आता हूँ.”

“मतलब, जीना चाहते हैं.” मान हलवून त्या आत गेल्या.

शब्दाला शब्द बरोबर होता. मला फक्त त्या दारात ‘नको’ म्हणणारा मुलगा व्हायचं नव्हतं.

नळी उपसू नये म्हणून बाबांचे हात पट्ट्यांनी कॉटला बांधले. डोळे उघडे असायचे. भेटीची वेळ संपली की माझ्या तोंडून सवयीनं निघायचं, येतो बाबा. ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

शेवटी मी डॉक्टरबाईंना म्हणालो, काढा. त्या चिडल्या नाहीत. आता डॉक्टरांची दोन मंडळं तपासतील, म्हणाल्या, घरच्यांची लेखी संमती लागेल, आणि त्यांना जगायचंय हे तर तुम्हीच सांगितलंत. ताई पुण्याहून आलेली.

“आपल्या हातानं मारायचं? येतो म्हणालेत ना ते?”

संमतीचा कागद मी घडी घालून खिशात ठेवला. पुढे काही झालं नाही. बाबा मशीनवरच गेले.

ताई अजून सगळ्यांना सांगते, बाबांना जगायची फार इच्छा होती, शेवटचा शब्दसुद्धा येतो. लोक डोळे पुसतात. मी कप उचलून आत नेतो.

हे ती वाचेल तेव्हा तिला कळेल. बाबांना त्याचा काही उपयोग नाही.