हंसराजाचं आवतण

मी सोलापुरात शाळेत जीवशास्त्र शिकवतो आणि सुट्टी मिळाली की रानफुलं हुडकत हिंडतो. सोलापूरकराला असला छंद म्हणजे डोक्याला ताप! फुलं आणि नेचे बघायचे तर बार्शीच्या पुढं बालाघाटाचे डोंगर गाठावे लागतात. तिथं पायथ्याला माझी मावशी राहते. गावाला झाडपाल्याची औषधं तीच देते.

त्या आश्विनात माझा खोकला महिना झाला तरी हटत नव्हता. मावशी म्हणाली, वरच्या ओढ्याच्या कपारीत हंसराज उगवलाय, त्याचा काढा दिला की जाईल. हंसराज म्हणजे काळ्या दोऱ्यासारख्या देठांचा नाजूक नेचा, आमच्या कोरड्या मुलखात सहसा न दिसणारा. मी लगेच बूट चढवले, तर म्हणाली, "आज न्हाय. आज नुसतं आवतण द्यायचं." आणि एकटीच जाऊन त्याच्यापुढं सुपारी नि अक्षता ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना नियम सांगितले. "तू म्होरं, मी मागनं. पाला हातात येईस्तोर बोलायचं न्हाय, मागं बगायचं न्हाय. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची न्हाय. रानात हाक मारणारं माणूसच असतंय असं न्हाय." मला हसू आलं. "हस मेल्या," ती म्हणाली, "खोकला तुजाच हाय."

झाडीत शिरलो. तेरडा फुलला होता, कुर्डूचे तुरे कमरेएवढे, पण एकही पाखरू ओरडत नव्हतं. मागं फक्त मावशीच्या चपलांचा फटक फटक आवाज. अर्ध्या वाटेवर तो थांबला. मग हाक आली. माझ्या घरच्या नावानं, मावशीच्याच आवाजात. पुन्हा आली. तिसरी तर अगदी कानामागं. वर्गात अंधश्रद्धेवर तावातावानं बोलणारा मी, पण मान वळेना. खोटं कशाला बोलू, तंतरली होती माझी. तेवढ्यात चपलांचा आवाज परत सुरू झाला आणि मला हायसं वाटलं.

कपारीशी अक्षता तशाच होत्या. हंसराज उपटला आणि वळलो. मागं कुणीच नव्हतं. दमून बसली असेल कुठंतरी, म्हणून मी मोबाईल काढून निवांत फुलांचे फोटो घेत उतरलो. चांगला तासभर.

मावशी अर्ध्या वाटेवर पडलेली होती. दगडावरून पाय घसरून खुबा मोडला होता. पदराचा बोळा तोंडात. एक चप्पल पायात, दुसरी खाली घळीत.

हंसराज माझ्या खिशातच वाळून गेला. खोकला आपोआप थांबला. दवाखान्यात तिच्या खाटेशी बसून मी लहान पोरासारखा रडलो. "मावशे, तू तीनदा हाक मारलीस आणि मी वळलो नाही गं."

"मी कुटं हाक मारली?" ती म्हणाली. "तुजं औषद वाया जाईल म्हणून पदर चावून पडले हुते की."

मी रडायचा थांबलो.

"कुणाचा आवाज हुता?" तिनं विचारलं.

"तुझाच."

माझा हात धरून ती हळूच म्हणाली, "माजा आवाज हुता तर वळायचं हुतंस की रं."