गफूरचाचांचा हात

वलवणला जुन्या हायवेच्या कडेला गफूरचाचांचं टायरचं दुकान आहे, आणि त्या दुकानात चाचांच्या उजव्या हाताइतकं नावाजलेलं दुसरं काहीही नाही. अलाइनमेंटचं मशीन आहे, पण ते आठवड्यातले दोन दिवस रुसलेलं असतं. हात मात्र चौतीस वर्षं रुसला नाही. टायरवरून तळवा फिरवायचा आणि सांगायचं, "अजून चार महिने बघायला नको," किंवा, "आज घाट उतरू नका." मावळातली माणसं खोपोलीकडे उतरण्याआधी दुकानाशी गाडी थांबवायची आणि म्हणायची, "चाचा, जरा हात फिरवा." मग कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटायचं.

हल्ली चाचांना या सगळ्याचा कंटाळा आला होता. वय त्रेसष्ट, गुडघे कुरकुरणारे, आणि त्यात पोरांची ही नवी खोड. चांगली उंच गाडी घ्यायची, तिच्या स्प्रिंगा कापायच्या आणि तिला रस्त्याला टेकवायची. गाडी खाली बसली की म्हणे मालकाची ऐट वर जाते! स्पीडब्रेकर आला की हेच ऐटबाज लोक सगळ्यांना खाली उतरवून गाडी तिरकी काढतात, ते वेगळं. अशा गाडीची चाकं पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखी दिसतात. त्या माणसाची चप्पल जशी आतल्या बाजूने झिजते, तसा टायर आतल्या कडेला झिजतो. बाहेरून बघावं तर नवाकोरा, आणि आत तारा निघालेल्या. चाचांनी हे किती जणांना सांगितलं असेल त्याची गणती नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पोरं "व्हय चाचा" म्हणायची आणि निघून जायची.

पण खरा थकवा गुडघ्यांचा नव्हता, पोरांचाही नव्हता. गेल्या वर्षभरात चाचांची बोटं बधिर होत चालली होती. साखरेमुळे होतं असं, डॉक्टर म्हणाले. नजमाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, उकळता चहा हातात दिला तरी ते पेला तसाच धरून बसायचे. ती विचारायची, "अहो, भाजत नाही का?" ते म्हणायचे, "सवय आहे." गिऱ्हाइकांना त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. हाताला कळत नाही असं एकदा पसरलं, की दुकानात उरणार काय? एक रुसकं मशीन आणि एक म्हातारा. म्हणून ते डोळ्यांनी अंदाज घ्यायचे आणि हात नुसता दाखवायला फिरवायचे. हे बरं नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता वर्ष गेलं.

शिमग्यानंतरच्या रविवारी दुपारी तिकोणा पेठेचा विक्की आला. मागच्या सीटवर त्याची आई सरूबाई आणि सातवा महिना लागलेली बायको चैताली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला खोपोलीला सोडायला निघाले होते. गाडी जुनी, गॅसवर चालणारी. लग्नात मिरवायला विक्कीने तिच्या चारही स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या. डिकीत गॅसची टाकी, तिच्या पुढ्यात चैतालीच्या बॅगा आणि व्याह्यांसाठी तांदळाची गोणी. त्या वजनाने मागची चाकं आणखीच फाकली होती.

"चाचा, पटकन हात फिरवा. गॅसच्या लायनीत पन उभं ऱ्हायचंय."

"स्प्रिंगा कापू नको म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"व्हय. पन दिसती कशी, बघा की!"

"दिसते पापडासारखी."

मागून सरूबाई हसल्या. "भाऊ, माज्या कंबरंला इचारा. पाटावर बसून आल्यावानी वाटतंय."

पुढची चाकं स्टिअरिंग फिरवून बघता येतात, ती चाचांनी बघितली. चांगली होती. मागच्या चाकांची आतली कड बघायची तर गाडी उचलायला हवी. पण एवढ्या बसक्या गाडीखाली जॅक जात नाही. आधी चाकं फळ्यांवर चढवायची, मग जॅक लावायचा. फळ्या दुकानामागे होत्या. चाचांनी तिकडे एकदा पाहिलं, गुडघ्यांना विचारलं, आणि जमिनीवर आडवं होऊन मागून हात घातला. आधी डावा टायर, मग उजवा. हाताला काही लागलं नाही. आताशा लागतच नव्हतं. पण चौतीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "ठीक आहे. सावकाश जा."

गाडी गेली. नजमा चहा घेऊन आली आणि पेला पुढे करता करता थबकली.

"अहो, रक्त कसलं?"

चाचांनी तळवा उलटा करून पाहिला. दोन लांब ओरखडे, एक पार करंगळीपर्यंत गेलेला. रक्ताचा ओघळ मनगटावरून बाहीत उतरत होता. टायरच्या आतल्या तारांनी हात फाडला होता, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

विक्कीला फोन लावला, त्याने उचलला नाही. गॅसचा पंप पाच मिनिटांच्या वाटेवर होता. चाचांनी हाताला रुमाल गुंडाळला आणि ते निघाले. चालता चालता मनात एक खोटं जुळवलं. चाकाचा नट आवळायचा राहिला म्हणावं, गाडी परत आणावी, टायर बदलून द्यावेत. हाताची अब्रू हातातच राहील.

पंपावर रविवारची लांबलचक रांग होती. विक्कीची गाडी तिसरी, आणि सरूबाई नि चैताली उतरून सावलीला उभ्या होत्या. चाचा धापा टाकत पोचतात तोच रांगेतून शिरगावचा बजरंग ओरडला. दुधाचा टेम्पो चालवायचा तो. "चाचा, बरं भेटलात! माज्या टेम्पोवर पन जरा हात फिरवा की."

चाचा उभे राहिले. जुळवलेलं खोटं विक्कीपुरतं होतं. बजरंगला काय सांगणार, आणि त्याच्यामागच्याला? त्यांना एकाएकी फार, फार थकल्यासारखं झालं.

"विक्की, गाडी घाटात नेऊ नको," ते मोठ्याने म्हणाले. "मागचा टायर आतून तारांवर आलाय."

"आवं, आत्ताच तर तुमी ठीक हाय म्हनला!"

"म्हणालो. मला कळलंच नाही. बोटांना कळत नाही रे काही. वर्ष झालं. कोणाला बोललो नाही."

बजरंगचा चेहरा उतरला. गेल्याच महिन्यात त्याने टेम्पोवर हात फिरवून घेतला होता. विक्की म्हणाला, "चाचा, माजी बायको बसनार व्हती त्या गाडीत."

सरूबाई पुढे आल्या. त्यांनी चाचांचा हात हातात घेतला, भिजलेला रुमाल सोडला आणि पदराने रक्त टिपलं.

"अगं बया! भाऊ, लय दुखत आसंल."

"नाही, ताई," चाचा म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "दुखलं असतं, तर मी तुम्हाला जाऊ दिलं असतं का?"