थांब्या

माझा भाऊ सिरिल 'म'वर अडकायचा. बाकीच्या अक्षरांवरही ठेचकाळायचा, पण 'म' आला की गाडी उभीच राहायची. ओठ मिटलेले, मान ताणलेली, आणि डावा हात कोटाच्या मधल्या बटणावर घट्ट. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, पण तोंडाचा पट्टा माझा आधीपासून चालू. तो जेवताना "म—" म्हणाला की मी "मीठ!" म्हणून मोकळी. दारात "म—" म्हणाला की "मोजे!" आई म्हणायची, "एनिड, बोलू दे गं त्याला." पण आईला सकाळच्या पाळीला गिरणीत पोचायचं असायचं, त्यामुळे मीठ मी दिलेलं तिलाही बरंच वाटायचं.

शाळेत त्याला तोतऱ्या म्हणत. मी दोघा पोरांची नाकं फोडली, पण त्यांच्यासमोरसुद्धा सिरिलचं वाक्य पुरं केलं ते मीच.

एक जागा अशी होती, जिथे तो अडकत नसे. दर शनिवारी सकाळी आम्ही आमच्या कीथली गावच्या सिनेमाघरात जायचो. बाकीची मुलं सिनेमा बघायला यायची, सिरिल यायचा ट्रेलर बघायला. पुढच्या आठवड्यात येणारे खेकडे, मेलेले सरदार, मेणाच्या बायका, समुद्रातून उठणारं काहीतरी, आणि या सगळ्यांवरून तो जड, खर्जातला आवाज. घरी आल्यावर तो मला कोळशाच्या खोलीत नेई, दार लावून घेई आणि त्या आवाजात सबंध ट्रेलर म्हणून दाखवी. एकही अक्षर न अडखळता. दुसऱ्याचा आवाज घेतला की त्याची जीभ सुटायची, का ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. मी कोळशाच्या ढिगावर बसून ऐकायची, आणि तेवढा वेळ मला बोलायची गरजच पडायची नाही.

बाविसाव्या वर्षी तो लंडनला गेला. सोहोमधल्या एका तळघरात सिनेमांचे ट्रेलर बनवत, तिथे रिळांचे डबे वाहायचं काम. एके दिवशी आवाज देणारा माणूस इतका पिऊन आला, की त्याला खुर्चीत बसवावं लागलं. सिरिल कोपऱ्यात डबे लावत होता. त्यानं मालकाला कागद मागितला आणि त्या खर्जात वाचून दाखवला. त्यानंतरच्या सात वर्षांत त्यानं एकतीस ट्रेलरना आवाज दिला. नाव कुठेच नाही, पडद्यावरही नाही आणि भिंतीवरच्या पोस्टरवरही नाही. असल्या सिनेमात दिग्दर्शकाचं नाव कुणाला ठाऊक नसे, तिथे आवाजाचं कोण विचारतो!

आई आणि मी तिकीट काढून आत जायचो, सिरिलचा आवाज ऐकायचो आणि सिनेमा सुरू झाला की उठून बाहेर यायचो. तिकीटवाली म्हणायची, "मिसेस ऑक्रॉइड, इतकी भीती वाटते तर येता कशाला?" आई ताठ मानेनं म्हणायची, "आम्हाला पाहिजे होतं ते झालं बघून."

एकतिसावा ट्रेलर होता 'भुकेलं घड्याळ' या सिनेमाचा. माणसं गिळणारं घड्याळ. सिनेमा भिकार होता, त्याचं रीळही आता कुठे मिळत नाही म्हणतात. ट्रेलरमध्ये शेवटी सिरिलचं वाक्य होतं, "बारा वाजले, की दार उघडतं. आणि दारात उभा असतो मृत्यू." सिरिल 'असतो'पर्यंत आला आणि अडकला. त्या आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा. बऱ्याच वेळानं शब्द आला. त्याला वाटलं, पुन्हा घेतील. पण बाहेर दुसरे लोक खोळंबले होते आणि रिळं जोडणारा घाईत होता. त्यानं ते तसंच ठेवलं आणि मोकळ्या जागेत घड्याळाचा लोलक लावून दिला. लोलक पाच वेळा हलतो, मग 'मृत्यू' येतो.

सिरिलनं तो ट्रेलर एका भरलेल्या थिएटरात पाहिला. लोलक हलायला लागला आणि मागे कुणीतरी हसलं. इतकंच. सोमवारी त्यानं काम सोडलं. आपल्या तोतरेपणाची त्यांनी चित्रासकट जाहिरात केली, असं त्यानं धरून घेतलं. मला हे कितीतरी वर्षांनी कळलं, तेही मॅविसकडून.

मॅविस म्हणजे त्याची बायको. कीथलीला परतल्यावर त्यानं लोकरीच्या गोदामात नोकरी धरली. तिथे गासड्यांशी बोलावं लागत नाही. तिथल्या कँटीनमध्ये ती होती. पहिल्याच दिवशी त्यानं "म—" म्हणून मटारकडे बघितलं, मागे वीस माणसांची रांग, आणि ही बाई पळी हातात धरून उभी राहिली. रांगेतून कोणी ओरडलं, "अगं वाढ की, मटारच पाहिजेत त्याला!" मॅविस म्हणाली, "त्याला काय पाहिजे ते तो सांगेल. तू तुझं ताट सांभाळ." सत्तेचाळीस वर्षं संसार केला. मी अनेकदा पाहिलंय, चुलीवर किटली शिट्टी मारत असायची आणि ती तिच्याकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत, शब्द येईपर्यंत उभी असायची. मला त्या शिट्टीनं वेड लागायचं.

ती फेब्रुवारीत गेली. चर्चमध्ये सिरिल कागद घेऊन उभा राहिला. आठवडाभर त्यानं ते लिहिलं होतं. पहिलाच शब्द तिचं नाव. "म—" म्हणाला आणि थांबला. हात बटणावर. चर्चमध्ये कोणीतरी खोकलं, पाद्र्यानं घड्याळाकडे बघितलं. आणि मी, पहिल्या बाकावरून, मोठ्यानं आणि स्पष्ट म्हटलं, "मॅविस."

सिरिलनं माझ्याकडे पाहिलं. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली बसला. त्यानंतर चहा होता, हॅमचे सँडविच होते, लोक मला म्हणाले, बरं झालं एनिड, सावरून घेतलंस. सिरिल मला एका शब्दानं बोलला नाही. पण त्या दिवसापासून त्याच्या तोंडून तिचं नाव मी ऐकलं नाही. 'ती' म्हणायचा. 'तिची खुर्ची', 'तिचे गुलाब'. मी त्याच्या बायकोचं नाव त्याच्या तोंडातून काढून घेतलं होतं, आणि ते परत कसं द्यायचं मला माहीत नव्हतं.

यानंतर दोन वर्षांनी मी शेजारच्या बिंग्ली गावाला गेले होते. बस चुकली, वारा बोचत होता, आणि जुन्या सिनेमाघराच्या दारातून खिमा-पॅटिस आणि मटारचा वास येत होता. दारावर लिहिलं होतं, 'महिन्याचा पहिला रविवार, दुपारी दोन, फक्त ट्रेलर.' मी उबेसाठी आत गेले आणि एक पॅटिस घेऊन बसले. शंभरेक माणसं होती. टकले पुरुष, गोंदलेल्या बायका, दोन आज्या विणकाम घेऊन. पडद्यावर जुने ट्रेलर, रंग उडून सगळं गुलाबी झालेलं. रक्तही गुलाबी, समुद्रही गुलाबी. काही रिळांना व्हिनेगरचा वास येत होता. कुजायला लागलेल्या रिळाला तसा वास येतो आणि त्याची लागण शेजारच्या रिळाला होते, म्हणून ती डबडी वेगळी, बाहेर कोट टांगायच्या खोलीत ठेवलेली. आणि ही माणसं नुसती बघत नव्हती, आवाजाबरोबर म्हणत होती. प्रत्येक ट्रेलर तोंडपाठ.

मग घड्याळ आलं. माझ्या हातातलं पॅटिस तसंच राहिलं. एकोणतीस वर्षांचा सिरिल बोलत होता आणि शंभर माणसं त्याच्याबरोबर बोलत होती. "बारा वाजले, की दार उघडतं. आणि दारात उभा असतो—" आणि सगळे एकदम गप्प. कोणी हललं नाही. विणकामाच्या सुया थांबल्या. लोलक पाच वेळा हलला, आणि मग शंभर तोंडांतून एकदम, हळूच, "मृत्यू."

दिवे लागले तसं मी शेजारणीला विचारलं, "हे मध्येच गप्प का होता तुम्ही?"

"अहो, तो थांब्या आहे ना!" ती म्हणाली. "नाव माहीत नाही कुणाला, म्हणून थांब्या. असं थांबायची छाती दुसऱ्या कुणाची झाली नाही. आमच्याकडे नियम आहे, थांब्यात शिंकलात तर सगळ्यांना चहा पाजायचा."

मी गप्प बसायला हवं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "तो माझा भाऊ आहे. जिवंत आहे. कीथलीत राहतो."

मंगळवारी या ट्रेलरवाल्यांचं मंडळ चालवणारी जनीन फेदर सिरिलच्या दारात हजर. दातांच्या डॉक्टरकडे काम करते. समोरच्यानं तोंड उघडेपर्यंत वाट बघायची तिला सवय आहे. तिनं त्याला पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बोलावलं. तेवढं एक वाक्य म्हणा, म्हणाली. ती गेल्यावर सिरिल माझ्यावर फिरला.

"तुला क-कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही."

"हसायला बोलावतायत."

"हसत नाहीत रे ते. तू अडकतोस तिथे तेही थांबतात. शपथ."

"त्यांना वाटतं मी म—" हात बटणावर गेला. मी खिडकीबाहेर पाहिलं. "मुद्दाम केलं," तो म्हणाला.

"वाटू दे की! तेवढी पुण्याई कशाला सोडतोस?"

त्यानं तिच्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाला, "येईन. पण एक ऐक, एनिड. मी तिथे कितीही वेळ उभा राहिलो, तरी तू एक शब्द बोलायचा नाहीस. या वेळी माझा शब्द म-मला म्हणायचाय."

"नाही बोलणार."

"तू चर्चमध्ये—"

"माहितीये," मी म्हटलं. चर्चचं नाव आमच्यात दोन वर्षांत पहिल्यांदा निघालं होतं. मला रडू आलं आणि मी ते भांडी घासण्यात घालवलं.

त्या रविवारी तो लग्नातला कोट घालून आला. मी तिसऱ्या रांगेत बसले. जनीननं घड्याळाचं रीळ आवाज बंद करून लावलं. पडद्यावर गुलाबी दार, गुलाबी काटे. एकोणऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानं माइक धरला, आणि तो आवाज आला. कोळशाच्या खोलीतला. थोडा फाटलेला, पण तोच. "बारा वाजले, की दार उघडतं. आणि दारात उभा असतो—"

लोलक हलायला लागला. मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते. हात सैल होता, बटणाला लागलेलाही नव्हता. या वेळी तो खरोखरच मुद्दाम थांबला होता. पाच हेलकावे, आणि "मृत्यू."

सभागृह दणाणलं. आज्या उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. जनीन माइक घ्यायला पुढे आली, पण सिरिलनं तो सोडला नाही. टाळ्या संपेपर्यंत उभा राहिला आणि मग स्वतःच्या, बारीक, अडखळत्या आवाजात बोलायला लागला.

"ते त्या वेळी म-मुद्दाम नव्हतं. मी अडकलो होतो. मी तोतरा आहे. तुम्ही इतकी वर्षं एका तोतऱ्या माणसासाठी थ-थांबलात."

मागून एक म्हातारा एवढंच म्हणाला, "थांबलो तर थांबलो. आम्हाला कुठे गाडी पकडायचीय?"

थोडे हसले. सिरिलही हसला. मग म्हणाला, "तुमच्या आधी माझ्यासाठी एकच माणूस थांबायचं. माझी बायको. म—"

हात बटणावर गेला आणि तिथेच घट्ट राहिला.

पाच हेलकाव्यांएवढा वेळ गेला. दहांएवढा गेला. पडद्यावरचं रीळ संपून पांढरा उजेड पडला होता आणि त्यात त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. एकही खुर्ची कुरकुरली नाही. त्या माणसांना थांबायची वर्षानुवर्षांची तालीम होती. तिथे कच्ची होते ती मी एकटी. नाव माझ्या जिभेवर तयार होतं, दातांना आतून धक्के देत होतं. म्हटलं, आपण मदत करतोय. म्हटलं, त्याचं हृदय कमजोर आहे, काही झालं तर? सत्याहत्तर वर्षं ही माझी नोकरी होती. मी जीभ दातांखाली धरली आणि दाबली.

किती वेळ गेला माहीत नाही. मी मोजत होते, तीसपर्यंत मोजलं आणि मग सोडून दिलं.

"मॅविस," सिरिल म्हणाला. आणि मग, वाट मोकळी झाली म्हणून, पुन्हा एकदा, "मॅविस."

त्यानं आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि चर्चमध्ये राहिलेलं सगळं त्या लोकांना वाचून दाखवलं. दीड पान होतं, बावीस मिनिटं लागली. कोणी उठलं नाही. चहा निवून गेला.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी काही बोलेना, हे पाहून तो दोन थांब्यांनंतर म्हणाला, "तुझी तब्येत बरी आहे ना? इतकी गप्प?"

मी रुमाल तोंडाला लावला होता. तो काढला, तेव्हा त्याला रक्त दिसलं.

"जीभ चावली," मी म्हटलं.

त्यानं रुमालाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझा हात आपल्या हातात घेतला. कीथली येईपर्यंत त्यानं तो सोडला नाही.